४ किलो १८० ग्रॅम : उद्यमनगरातल्या एका एसी दुरुस्तीचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जनता बझार चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझी मुलींची अभ्यासिका आहे. तिसरा मजला, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, ४४ खुर्च्या. कनिष्ठ महाविद्यालयात २७ वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून ही सुरू केली. राधानगरी, गगनबावडा, चंदगड, कागल भागातल्या मुली स्पर्धा परीक्षेसाठी सकाळी सातला येऊन बसतात आणि रात्री नऊला उठतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर स्लॅब तापला की एसीशिवाय तिथं बसवत नाही. एसी म्हणजे साडेपाच टनाचं डक्टेबल मशीन, डक्टमधून हॉलभर हवा सोडणारं. इनडोअर फॉल्स सिलिंगच्या वर, आउटडोअर गच्चीवर, गॅस आर-४१०ए.

शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या रांगेत, एसी दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. मालक आणि मिस्त्री एकच. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणते. या एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या मशीनचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलला आणि त्यानंतर गॅस भरला. व्हॉल्व्ह बदलून देणारे गावात पुष्कळ मिळतील. त्यांनी गॅस ज्या रीतीनं भरला, ती मला इथं सविस्तर सांगायची आहे, कारण तीन उन्हाळे मी त्या एका गोष्टीसाठी पैसे घालवत होते आणि मला ते कळत नव्हतं.

झालं असं की २०२३ पासून दर उन्हाळ्यात हॉल गार होईनासा व्हायचा. दुपारी दोनच्या सुमारास कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा, अर्ध्या तासानं परत सुरू व्हायचा. मी ज्यांना बोलवत होते ते येऊन मीटर लावायचे, म्हणायचे, ‘मॅडम, गॅस उतरलाय,’ आणि गॅस टाकून ३,५०० रुपये घेऊन जायचे. असं तीन वेळा झालं. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं चालायचं, म्हणून मला संशय आला नाही. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका असून एवढा साधा प्रश्न विचारला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं: बंद नळीतला गॅस गळती नसेल तर जातो कुठं? तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही.

आप्पांकडे मला माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी पाठवलं. त्यांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे आणि तिथल्या ऑफिसचं काम आप्पा करतात. फोन तीन वेळा केला, उचलला नाही. शेवटी स्वतः दुकानात जाऊन उभी राहिले. शनिवारी येतो म्हणाले आणि सोमवारी आले. ही त्यांची सवय आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी धरून चालावं.

सोमवारी आल्यावर त्यांनी गॅसच्या डब्याला हातच लावला नाही. आधी इनडोअरचे फिल्टर काढून पाहिले, ब्लोअरचा बेल्ट पाहिला, गच्चीवर जाऊन आउटडोअरची कॉइल पाण्यानं धुतली. ‘हवाच नीट न्हाई फिरली तर मीटर खोटं बोलतंय,’ म्हणाले. मग मशीन वीस मिनिटं चालू ठेवून दोन्ही बाजूंना गेज लावले आणि पाईपांवर तापमान मोजायचे चिमटे लावले. माझ्या मते खरी तपासणी त्या चिमट्यांनी केली. आधीच्या कुणाकडे ते नव्हते.

कमी दाबाच्या बाजूला ९० पीएसआय (दाबाचं एकक) होते. आर-४१०ए या दाबाला साधारण उणे ३ अंशांना उकळतो. पण कॉइलमधून बाहेर येणारा जाड पाईप १९ अंशांवर होता. म्हणजे वाफ झाल्यावर ती आणखी २२ अंश तापून बाहेर येत होती. याला सुपरहीट म्हणतात. कॉइलला द्रव कमी मिळतोय, अर्ध्याहून जास्त कॉइल रिकामीच राबतेय, असा याचा अर्थ. नुसतं एवढं पाहिलं तर कुणीही गॅस कमी आहे असंच म्हणेल, आणि तीन वर्षं मला तेच सांगितलं गेलं.

आप्पांनी दुसरी बाजूही मोजली. जास्त दाबाच्या गेजवर ४३० पीएसआय, म्हणजे गॅस ५० अंशांना द्रव होत होता, आणि आउटडोअरमधून निघणारा बारीक पाईप ३८ अंशांवर. द्रव झाल्यावर तो आणखी १२ अंश गार होऊन बाहेर पडत होता. हे सबकूलिंग. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ते ५ ते ७ असावं असं लिहिलंय (पुस्तिका मी फाइलमध्ये जपून ठेवली होती, तिचा या कामात फार उपयोग झाला). सबकूलिंग इतकं वाढलंय म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमध्ये द्रव तुंबलाय. एका बाजूला दुष्काळ, दुसऱ्या बाजूला पूर.

‘मॅडम, गॅस कमी न्हाई. गॅस जास्त हाय. मधलं दार मिटलंय,’ आप्पा म्हणाले.

हे दार म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. त्याच्यापासून एक केसासारखी बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला करंगळीएवढा बल्ब असतो. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाईपला तो घट्ट बांधलेला असतो. पाईप तापला की बल्बातल्या वायूचा दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतो. पाईप गार झाला की दाब उतरतो, आणि स्प्रिंग व कॉइलमधला दाब मिळून व्हॉल्व्ह मिटवतात. कुणी न सांगता तो दिवसभर सुपरहीट सांभाळत बसतो. माझ्या व्हॉल्व्हच्या बल्बातला वायूच हळूहळू गळून गेला होता. उघडणारा जोर संपला, उरली फक्त मिटवणारी स्प्रिंग. गॅस टाकल्यावर थोडे दिवस बरं का वाटायचं, तेही मग उमगलं. जास्त गॅसनं मागचा दाब वाढायचा आणि त्या अरुंद फटीतून थोडा जास्त द्रव ढकलला जायचा. आणि कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या गार वाफेनंच थंड राहते. ती वाफच तापून यायला लागली, म्हणून दुपारी ट्रिप.

२७ वर्षं मी फळ्यावर सुप्त उष्मा, बाष्पदाब, वायूचे नियम शिकवले. पण हे सगळं एका नळीत एकमेकांना धरून चाललेलं मी गच्चीवर, आप्पांच्या शेजारी पाटावर बसून पहिल्यांदा पाहिलं.

बुधवारी काम सुरू झालं. जुना गॅस हवेत सोडला नाही. रिकव्हरी मशीन लावून रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि सिलिंडर काट्यावर ठेवला. ५ किलो १०० ग्रॅम भरलं. मशीनवर किती असायला हवा ते आम्ही दोघांनी पुस्तिका उघडून काढलं. ५ मीटर पाईपपर्यंत ३.६ किलो, पुढच्या प्रत्येक मीटरला १०० ग्रॅम. आप्पांच्या पोऱ्यानं टेप लावून पाईप मोजला, ११ मीटर. म्हणजे ४.२ किलो. माझ्या मशीनमध्ये जवळजवळ ९०० ग्रॅम गॅस जादा होता, आणि त्याचे मी १०,५०० रुपये दिले होते. तो जुना गॅस त्यांनी परत वापरला नाही. आर-४१०ए हे दोन वायूंचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे. आधी कुणी तो कसा टाकलाय, मिश्रण तसंच राहिलंय की नाही, याची खात्री नव्हती, म्हणून ताजा भरायचं ठरलं.

व्हॉल्व्ह बदलण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मी खाली स्टुलावर टॉर्च धरून उभी होते आणि बरंचसं मला दिसलं नाही. ब्रेझिंग करताना, म्हणजे सांधे तापवून जोडताना, नळीतून हळू नायट्रोजन सोडला होता, आत काजळी धरू नये म्हणून. नव्या व्हॉल्व्हला ओलं फडकं गुंडाळलं होतं. आतली ओल शोषून घेणारा ड्रायर नवा घातला. बल्ब मात्र त्यांनी मला मुद्दाम दाखवला. परतीचा पाईप सात सुताचा आहे. त्यावर घड्याळात चार वाजतात त्या जागी बल्ब ठेवून दोन पट्ट्यांनी आवळला आणि वरून इन्सुलेशन गुंडाळलं. अगदी खाली का नाही, असं विचारलं तर म्हणाले, ‘खालनं तेल वाहतंय. तेलाचं तापमान घिऊन व्हॉल्व्ह फसतोय.’ व्हॉल्व्हच्या खालच्या स्क्रूला त्यांनी हात लावला नाही. तो कारखान्यात बसवलेला असतो, म्हणाले, आणि त्याच्याशी खेळून पुष्कळ मशीनं बिघडलेली त्यांनी पाहिलीत.

संध्याकाळी सहाला नायट्रोजन ३५० पीएसआयपर्यंत भरून सगळे सांधे साबणाच्या फेसानं तपासले आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सातला गेजवर ३३७. माझ्या पोटात गोळा आला. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘रातीच्या गारव्यानं उतरलंय. लीक न्हाई.’ मी वही काढली. संध्याकाळी गच्चीवर ३४ अंश होते, सकाळी २३. दोन्हींत २७३ मिळवायचे, गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवायचा, गुणोत्तर घ्यायचं आणि शेवटी तो दाब परत वजा करायचा. उत्तर आलं ३३७. अकरावीच्या मुलांना मी हे गणित कितीदा घातलं असेल. वही आप्पांना दाखवली तर ते हसले. म्हणाले, ‘मला हिशेब येत न्हाई मॅडम, पर दहा अंशाला किती उतरतंय ते ठावं हाय.’

मग व्हॅक्युम, म्हणजे पाईपांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढणं. पंप जवळजवळ दोन तास चालला. साध्या गेजवर काटा पाच मिनिटांतच शून्याखाली जाऊन बसतो आणि बरेच जण तिथंच पंप बंद करतात. आप्पांकडे अगदी सूक्ष्म दाब मोजणारा वेगळा मायक्रॉन गेज आहे. ४२० मायक्रॉनला पंपाकडचा व्हॉल्व्ह मिटवून वीस मिनिटं थांबले. आकडा ४८० पर्यंत चढला आणि थांबला. चढतच राहिला असता तर आत ओल किंवा गळती आहे, असं त्यांनी सांगितलं. या गॅसबरोबर जे तेल असतं ते हवेतली ओल फार लवकर ओढून घेतं, म्हणून ही काळजी.

आता गॅस. आदल्या दिवशी त्यांनी मला विचित्र वाटेल अशी मागणी केली होती: गुरुवारी अकराला सगळ्या पोरी हॉलमध्ये बसलेल्या पाहिजेत, दिवे-पंखे नेहमीसारखे चालू पाहिजेत. रिकाम्या हॉलवर गॅस लावला तर तो रिकाम्या हॉलपुरताच बरोबर बसतो. दोन दिवस मी मुलींना सकाळी अकरापर्यंतच बसू देत होते. त्या दिवशी उलट अकराला बोलावलं. कुणी कुरकुरलं नाही, ४० जणी आल्या.

गॅसचा डबा काट्यावर उलटा ठेवला, म्हणजे द्रवच बाहेर येतो आणि मिश्रण बिघडत नाही. मशीन बंद असताना, व्हॅक्युमच्या ओढीनं, जेवढा जाईल तेवढा बारीक पाईपच्या बाजूनं आत घेतला. उरलेला मशीन चालू करून जाड पाईपच्या बाजूनं, गेजची चावी अगदी किंचित उघडून, थेंबाथेंबानं. एकदम सोडला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो फुटू शकतो. ३ किलो ९०० ग्रॅमला ते थांबले. हिशेब ४.२ चा होता तरी तिथं थांबले, आणि माझ्या लेखी ही त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती.

कारण वजन हा अंदाज असतो. पाईपला वळणं किती, कॉइल किती जुनी, यावर शेवटचे शे-दोनशे ग्रॅम ठरतात, आणि ते मोजायचे सबकूलिंगवर. सुपरहीट बघून का नाही, हा प्रश्न मी विचारला. साध्या, कॅपिलरीच्या (व्हॉल्व्हऐवजी नुसती बारीक नळी असलेल्या) मशीनला सुपरहीटच बघतात, ते म्हणाले. पण हा व्हॉल्व्ह स्वतःच सुपरहीट धरून ठेवतो. गॅस थोडा कमी-जास्त असला तरी तिथं काही दिसत नाही. जादा गॅस जातो कुठं? आउटडोअरच्या कॉइलमध्ये द्रव होऊन साठतो. म्हणून बघायचं तिथं. मी हे वहीत लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत: ‘व्हॉल्व्हवाल्या मशीनचं पोट मागनं कळतंय.’

३.९ ला पंधरा मिनिटं थांबून मोजलं. सबकूलिंग ३. शंभर ग्रॅम टाकले, परत पंधरा मिनिटं थांबलो. ४. परत शंभर, परत पंधरा मिनिटं. ५. गुजरीत सोनार काटा ठरेपर्यंत श्वास रोखून बसतो, तसे ते बसले होते. मध्ये एकदा पोऱ्या म्हणाला, ‘आप्पा, गार हवा लागतीया की, झालं.’ आप्पांनी त्याला नुसतं बोट दाखवून गप्प केलं. शेवटी ८० ग्रॅम. जास्त दाब ३९०, म्हणजे ४६ अंश, बारीक पाईप ४० अंश, सबकूलिंग ६. मग व्हॉल्व्हची परीक्षा: कमी दाब १३०, म्हणजे ७ अंश, जाड पाईप १३ अंश, सुपरहीट ६. हॉलमधून आत जाणारी हवा २६, जाळीतून बाहेर येणारी १४. एकूण गॅस ४ किलो १८० ग्रॅम.

खाली उतरले तर मुली पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या एकीनं अंगावर ओढणी ओढून घेतली होती. तीन उन्हाळ्यांत एप्रिलच्या दुपारी एक वाजता मी हे पाहिलं नव्हतं.

बिल १८,६०० झालं. व्हॉल्व्ह ५,४००, ड्रायर ९००, गॅस ४,२००, बाकी नायट्रोजन, ब्रेझिंग आणि तीन दिवसांची मजुरी ८,१००. आधी त्यांनी वहीच्या पानावर नुसती एकूण रक्कम लिहून दिली होती. फोड मागितल्यावर लगेच दिली, पण मागावी लागू नये. सुरुवातीला त्यांनी ‘पंधराच्या आसपास’ सांगितलं होतं, तेव्हा वरचे ३,६०० मला आधी कळायला हवे होते. फॉल्स सिलिंगच्या दोन फळ्यांवर काळे हात उठलेत आणि एक फळी कोपऱ्यातून तुटली. तिचं त्यांनी काही केलं नाही, मी ३५० रुपये देऊन बदलून घेतली. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि कामाचा दर्जा पाहिल्यावर त्या जास्त टोचतात. इतका नेमका माणूस फोन आणि वेळेच्या बाबतीत असा का, हे मला समजत नाही. दोन दिवस गिऱ्हाइकाचा धंदा बंद राहणार असेल तर शनिवार म्हणजे शनिवारच हवा.

पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते न बोलावता आले. दुसऱ्या गल्लीत काम होतं, म्हणाले, चिमटे लावून बघून जातो. बाहेर ३७ अंश होते. दोन्ही दाब थोडे वाढलेले, पण सबकूलिंग ६ आणि सुपरहीट ७. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. त्या महिनाभरात कॉम्प्रेसर एकदाही ट्रिप झाला नव्हता.

ज्यांच्याकडे डक्टेबल किंवा कॅसेट मशीन आहे आणि दर उन्हाळ्यात गॅस ‘उतरतो’, त्यांनी यांना एकदा बोलवावं. घरच्या छोट्या स्प्लिटला ते येतात की नाही, हे मी विचारलेलं नाही. येणाऱ्याला आधी एवढंच विचारा: सबकूलिंग किती आलं? आप्पांना विचारलंत तर ते खाली बसवून समजावून सांगतील, आणि दुसरं कुणी असेल तर त्याच्या उत्तरावरून गॅसचा डबा उघडू द्यायचा की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

जाताना त्यांनी आउटडोअरच्या वायरिंगच्या झाकणामागे काळ्या मार्करनं तारीख, ४.१८ किलो, पाईप ११ मीटर, बाहेर ३४ अंशांना सबकूलिंग ६, असं लिहून ठेवलं. मला म्हणाले, ‘उद्या मी नसलो आणि कुणी गॅस टाकाय आलं, तर पयलं हे झाकण उघडून दावा.’